मातीचा नैवेद्य

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडून ज्या चार वस्तूंची अपेक्षा केली आहे, त्या आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्या चारांवर पुष्कळ निरूपण झालेले आहे. वस्तू किती साध्या आणि दरिद्र्यासही किती सुलभ, हाच त्या निरूपणाचा बहुधा रोख असतो व तो योग्यही आहे. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या चारांपैकी तीन वस्तू मातीतून वर येतात, आणि चौथी मातीतून गाळून विहिरीस मिळते. देवास फूल वाहताना आपण हात धुतो, फूल धुतो, ताम्हण लख्ख घासतो. त्या फुलाच्या जन्मदात्रीस मात्र वर्षानुवर्षे उपाशी ठेवतो. त्या उपाशी मातीविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि उदाहरण घ्यावयाचे आहे ते आपल्या अंगणातील गुलाबाचे.

गुलाबच का, असे कोणी विचारील. एक तर आपल्या वस्तीत असे घर विरळा, की जेथे अंगणात अथवा गच्चीवर गुलाबाची दोन-चार झाडे नाहीत. दुसरे असे, की गुलाबाइतके खादाड आणि गुलाबाइतके प्रामाणिक झाड दुसरे नाही. जमिनीत काय आहे व काय नाही हे तो पानापानावर लिहून दाखवितो. तक्रारही घरोघर एकच असते. झाड तेच, ऊन तेच, पाणी तेच. पहिल्या वर्षी वाटीएवढे फूल आले, तिसऱ्या वर्षी बोराएवढी कळी येऊन तीही सुकली. मग बाजारातून पुडी आणली जाते. पुडीने आठ दिवस पान तकाकते व पुन्हा मागचेच दिवस येतात. 'गुलाबाला कोणते खत घालावे?' हा प्रश्न शंभर तोंडांनी विचारला जातो. माझे म्हणणे इतकेच, की प्रश्नच थोडा चुकला आहे. खावयाचे गुलाबाने असले, तरी वाढावयाचे मातीला.

मध्येच एका शंकेचे निरसन करून टाकतो. गुलाब हे परदेशी फूल, ते पूजेस चालते काय, असे अद्याप काही वडीलधारी मंडळी विचारतात. शब्द फारसी आहे हे खरे. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मूळ अर्थ गुलाबपाणी, आपण तो फुलालाच लावला. तथापि वैद्यांच्या निघंटूंत शतपत्री म्हणून हे फूल आलेले आहे, आणि देवळांच्या दारांत ज्या टोपल्या दिसतात त्यांवरून पाहता देवाने त्याला परके मानल्याचे दिसत नाही. असो.

आता आपल्या पायाखालची माती पाहू. माळव्याची ही काळी जमीन कापसाला व गव्हाला माउली; गुलाबाला मात्र सावत्र आईसारखी वागते, आणि तिच्या या वागण्यास कारणे आहेत. हिच्यात चिकणमातीचा अंश फार. पावसाळ्यात ही फुगते, वैशाखात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगली म्हणजे आतील हवा कोंडते, आणि भेगाळली म्हणजे कोवळी मुळे तटातट तुटतात. मुळांना जसे पाणी हवे तशीच हवाही हवी, हे आपण विसरतो. पाणी साचलेल्या वाफ्यात गुलाब तहानेने मरत नाही, गुदमरून मरतो. दुसरे कारण हिचा धर्म. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते. आपली माती चुनखडीमुळे अल्कधर्मी. अशा मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. कोवळे पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती ही खूण. धान्याने कोठार भरलेले असावे आणि किल्ली हरवलेली असावी, तशी ही अवस्था आहे. पुष्कळ जण मुळाशी गंजलेले खिळे पुरतात. त्यांचा या मातीत काही उपयोग होत नाही. हिराकस घातली तरी तीही थोड्याच दिवसांत बांधली जाते.

या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, आणि ते म्हणजे कुजून मुरलेला सेंद्रिय पदार्थ. पाने, शेण, फुले, भाजीची देठे ही कुजून जो काळाभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचा पदार्थ होतो, त्यास शास्त्रज्ञ ह्यूमस म्हणतात. तो चिकणमातीच्या बारीक कणांना एकत्र धरून त्यांची रवाळ ढेकळे बनवितो. ढेकळांमधील पोकळीतून हवा खेळते, जास्तीचे पाणी निचरून जाते, हवे तेवढे राहते. त्याच्या सहवासात लोहही मुळांना घेण्याजोगे होते. वाळूची चार घमेली मिसळून हे साधत नाही; अनेकांनी ते करून पाहिले आहे. शिवाय आपल्या उन्हात हा पदार्थ लवकर जळून जातो. थंड देशांत एकदा घातलेला पुष्कळ काळ टिकतो, येथे दरवर्षी घालावा लागतो. देवाला नैवेद्य एकदाच दाखवून कोणी थांबत नाही. मातीचेही तसेच आहे.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञचक्र सांगितले आहे. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य, कर्मापासून यज्ञ. आणि या फिरत्या चक्रात आपला वाटा परत न घालता जो केवळ उपभोग घेतो, त्यास तेथे फार कठोर शब्द वापरला आहे. आपण तो शब्द धान्य दडविणाऱ्या व्यापाऱ्याला लावून मोकळे होतो. परंतु अंगणातून रोज फूल खुडून नेणारा आणि अंगण झाडून निघालेला पाचोळा पेटवून देणारा जो गृहस्थ आहे, तो त्या चक्राच्या कोणत्या बाजूस उभा आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या चक्राची जगाला मान्य झालेली एक आधुनिक मांडणी याच इंदूर नगरीत झाली, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना माहीत असेल. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योगाची एक संशोधनसंस्था निघाली. होळकर दरबाराने तिला तीनशे एकर जमीन दिली. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ तिचे संचालक होते व १९३१ पर्यंत त्यांनी येथे काम केले. त्यांनी आपल्या आसपास काय पाहिले? कपाशीच्या पळ्हाट्या जाळल्या जात होत्या, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात होत्या, गोठ्यातले गोमूत्र जमिनीत जिरून वाया जात होते, आणि शेत वर्षानुवर्षे रोडावत होते. येथील शेतकऱ्यांचा अनुभव आणि चीनमधील शेतकऱ्यांची खत करण्याची रीत ही दोन्ही ध्यानी घेऊन त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसविली, ती आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या नावासोबत संस्थेतील रसायनज्ञ यशवंत वाड यांचे नाव आहे. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले, तेव्हा त्यांनीही जाऊन ते खत पाहिले. त्या आवारात आज शेतकी महाविद्यालय आहे. आपण त्याच्या भिंतीवरून रोज जातो-येतो.

हे सांगून 'आमच्या ऋषींना हे सारे आधीच ठाऊक होते' अशी टाळी वाजवून घ्यावी, असा माझा हेतू नाही. ती खोड आपल्याला बरीच आहे. परत द्यावे हे कर्तव्य आपल्या ग्रंथांत आहे खरे; परंतु थर किती इंचांचा असावा आणि ढीग कोणत्या दिवशी वरखाली करावा, हे कोणीतरी खड्ड्यात उतरूनच शोधून काढावे लागते. ज्यांनी ते शोधले त्यांना श्रेय द्यावे आणि आपण ते आचरावे, यातच शोभा आहे.

पद्धत अगदी सरळ आहे. कोरडा पाचोळा व काटक्या यांचा एक थर, त्यावर ओला हिरवा कचरा, त्यावर शेणाचा पातळ काला आणि मूठभर जुनी माती. असे थरावर थर द्यावयाचे. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. सुमारे पंधरवड्याने एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा सर्व वरखाली करावयाचे, म्हणजे तीन महिन्यांत खत तयार. ढीग मोठा असेल तर पहिल्या दिवसांत आत हात घालवत नाही इतकी ऊब येते. तो जणू धुराविना पेटलेला अग्नीच आहे, आणि त्याला वारा घालण्यासाठीच ही उलथापालथ. दुर्गंधी आली तर समजावे, पाणी फार झाले व हवा कमी पडली. कोरडा पाला मिसळावा. पावसाळ्यात खड्डा करू नये, तो तुंबतो. जमिनीवरच ढीग रचून झाकावा. ज्यांना अंगण नाही त्यांनी तळाला व बाजूंना छिद्रे पाडलेली मोठी कुंडी घ्यावी. तिच्यात फारशी ऊब येणार नाही, वेळ थोडा अधिक लागेल, एवढेच.

आता मी मुख्य विषयाकडे येतो, आणि तो निर्माल्याचा आहे.

आपल्या घरी रोज देवावरची फुले उतरतात. त्यांचे काय करावे, हा प्रश्न आज अवघड झाला आहे. नगरपालिकेची गाडी दारावर येते, ओला व सुका कचरा वेगळा देण्याची सवय आपल्या नगरात आता चांगली रुळली आहे. परंतु देवाच्या अंगावरचे फूल खरकट्यासोबत गाडीत टाकावयास आजीबाईंचा हात धजत नाही. मला त्यात हट्ट दिसत नाही, भाव दिसतो, आणि त्या भावाचा उपहास करणाऱ्यांशी मी सहमत नाही. मग होते काय? निर्माल्य पिशवीत साठते आणि एखाद्या सकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून पिशवीसकट खाली जाते. वाहत्या पाण्यात सोडले, म्हणून मन निश्चिंत होते. सज्जनहो, ते पाणी कोठे वाहते? आपली कान्ह आणि सरस्वती तेथे भेटतात, आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते. ज्या क्षिप्रेत आपण सिंहस्थात स्नान करतो, तीच ही. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हेचे पाणी स्नानाच्या घाटांपासून दूर वळविण्यासाठी मोठी नळवाहिनी घालावी लागली. त्या पाण्यात गटारे आहेत, कारखाने आहेत, आणि आपल्या पिशव्याही आहेत. देवाचे फूल कचऱ्यात जाऊ नये म्हणून आपण देवाच्या नदीत कचरा करतो.

निर्माल्याविषयी आपल्या परंपरेची तळमळ मूळ कशासाठी आहे? ते पायदळी पडू नये, ओलांडले जाऊ नये. म्हणूनच ते झाडाच्या मुळाशी अथवा पाण्यात ठेवावे अशी रीत पडली. झाकलेला खड्डा आणि गुलाबाचे आळे येथे कोणाचा पाय पडतो? आणखी एक शंका विद्वान मंडळी काढतात आणि ती विचारार्ह आहे. शिवाचे निर्माल्य हा चंडेश्वराचा भाग. ते मनुष्याने आपल्या उपभोगासाठी घेऊ नये. बरोबर आहे. म्हणूनच मी असे सुचवितो, की ज्या झाडाला निर्माल्याचे खत घालाल, त्याचे फूल केसांत माळू नका, दिवाणखान्यातील फुलदाणीत ठेवू नका; ते देवालाच वाहा. एक झाड देवाचे म्हणून राखा. देवावरून उतरलेले फूल मातीत जाईल, मातीतून पुन्हा देवावर चढेल, आणि मध्ये आपला हात फक्त वाहकाचा राहील. त्या हाताला त्यात काही उरत नाही. निष्काम कर्म म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, ते याहून फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

मात्र खड्ड्यात सर्वच टाकावयाचे नाही. हाराचा दोरा, जरीचा कागद, प्लास्टिकची फुले, उदबत्तीच्या काड्या व वेष्टने वेगळी करावीत. शेंदरात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून मारुतीच्या व गणपतीच्या शेंदूर लागलेल्या माळा वेगळ्या ठेवाव्यात. जास्वंद आठ दिवसांत विरघळते, झेंडूला वेळ लागतो, बेलाचे पान चिवट असते, ते चुरून घालावे. गुलाबाचीच काळे ठिपके पडलेली पाने घरगुती खड्ड्यात घालू नयेत. तेवढ्या उबेत रोगाचे बीज मरत नाही.

येथेच रक्षेविषयी सांगितले पाहिजे, कारण होमानंतरची रक्षा गुलाबाला घालण्याची प्रथा पुष्कळ घरांत आहे. आपले नातलग गोमंतकात किंवा कोकणात असतील, तर त्यांच्या जांभ्या आम्ल मातीत थोडी राख खुशाल चालेल. आपल्या काळ्या अल्कधर्मी मातीत ती आगीत तेल ठरते. पान अधिकच पिवळे पडते. पावित्र्य तेच, परंतु भूमी निराळी. विभूती कपाळी लावावी, आळ्यात घालू नये.

तसाच वाद हाडांच्या चुऱ्याचा. फुलासाठी तो उत्तम, असे पुस्तकांतून लिहिलेले असते. देवाच्या झाडाला तो घालावा की नाही, यावरून एका घरी सासू-सुनेत अबोला झाल्याचे माझ्या कानी आले. दोघींना सांगावयास मला आनंद वाटतो, की आपल्या अल्कधर्मी मातीत हाडांचा चुरा विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. न घातल्याने काहीही बिघडत नाही. आचार आणि रसायनशास्त्र यांचे इतके सहज एकमत क्वचितच होते.

आता खाऊ घालण्याची वेळ. पावसाळा सरून दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यास, गुलाबाची छाटणी करावी. मेलेल्या व काटकुळ्या फांद्या मुळापासून काढाव्यात, चांगल्या फांद्या बाहेरच्या डोळ्यावर कापाव्यात. छाटणीनंतर आळे हलक्या हाताने खुरपावे. गुलाबाची खाणारी मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात, तेथे कुदळ चालवू नये. मग मोठ्या झाडास एक भरगच्च घमेले मुरलेले खत व मूठभर निंबोळी पेंड मिसळून बुंध्यापासून थोडे दूर, गोलाकार पसरावी आणि पाणी द्यावे. पुढे सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर येतो. कळ्या धरू लागल्या म्हणजे भुईमुगाची पेंड आठवडाभर पाण्यात भिजवून, ते पाणी फिक्या चहाइतके पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा घालावे. आधी साधे पाणी, मग हे. कच्चे शेण कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे होरपळतात व हुमणी, वाळवी यांना आमंत्रण मिळते. चैत्र-वैशाखात झाड थकलेले असते, तेव्हा त्याला जेवण नको, पांघरूण हवे. वाळलेल्या पानांचा चार बोटे जाड थर आळ्यावर द्यावा. माती भेगाळणार नाही, पाणी टिकेल, आणि पावसाळ्यापर्यंत तो थरच खत होऊन जाईल. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असावा, हे तर काळ्या जमिनीत सांगावयासच नको.

एवढे करूनही एखाद्या झाडाला फूल येत नाही. तेथे वाकून बुंधा पाहावा. आपले बहुतेक गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. सांध्याच्या खालून जर जोमदार फुटवा निघाला असेल, तर सारे अन्न तोच खातो. दिसावयास तो मूळ फांदीहून हिरवागार, त्यामुळे मालक खुश असतो. दोन वर्षांत वरचा गुलाब नाहीसा होतो आणि रानटी झुडूप उरते. तो फुटवा नुसता कापून भागत नाही, निघतो तेथूनच ओरबाडून काढावा लागतो. जप, पारायण, दानधर्म हे सारे खतपाणी रोज घालूनही वर फूल का दिसत नाही, याचा शोध घेणाऱ्यानेही एकदा सांध्याखाली पाहावे. पुष्कळदा तेथे अभिमानाचा फुटवा चांगला पोसलेला आढळतो.

मातीत हात घालणे ही दुय्यम प्रतीची सेवा, गाभाऱ्यातली ती खरी, असे ज्यांना वाटते त्यांनी सावता महाराजांचे स्मरण करावे. अरणच्या या माळ्याने १२९५ साली देह ठेवला. जन्मभर त्यांनी मळा सोडला नाही, आणि मळ्यातच त्यांना पांडुरंग दिसला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सावतोबांच्या भेटीला पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. देव मळ्यापर्यंत चालत आला, त्यासाठी मळा तसा राखावा लागला असला पाहिजे.

मंदिराच्या मागील अंगणात या भाद्रपदापासून निर्माल्याचा ढीग रचावयाचा आहे. गणेशोत्सव व नवरात्र यांतील फुले त्यात जातील आणि मार्गशीर्षात पहिले खत निघेल. छाटणीची वेळ तोवर गेलेली असेल. परंतु पहिला बहर ओसरल्यानंतर दुसऱ्या बहरासाठी ते नेमके उपयोगी पडेल. ढिगाला ओल्या फुलांच्या मानाने कोरडा पाचोळा फार लागतो आणि अडचण तेवढीच आहे. तरी ज्यांच्या दारात कडुनिंब, आंबा अथवा पिंपळ आहे, त्यांनी पाने न पेटवता पोत्यात भरून आणावीत. हाराचे दोरे घरीच काढून आणल्यास ढीग वरखाली करणाऱ्या मुलांचे काम पुष्कळ हलके होईल. खत नेण्यासाठी घमेले ज्याचे त्याने आणावयाचे आहे.